अव्वाची बोट

१६ जून, रविवार

होटगी रोडवरच्या हॉटेलात आज एका बोट कंपनीचा कार्यक्रम होता. योजनेचं नाव 'सागरनिवास'. ज्येष्ठ नागरिकांनी वर्षभर मोठ्या प्रवासी बोटीवर राहायला जायचं. बोट गोव्याहून निघणार, कोची, कोलंबो, सिंगापूर करत फिरत राहणार. खोली आपली, जेवण त्यांचं, डॉक्टर बोटीवरच. आमंत्रण ज्येष्ठांनाच होतं. मी पडलो अठ्ठेचाळीसचा, म्हणून अव्वाला, माझ्या आईला, सोबत नेलं. ती नको म्हणत होती. माझ्या बायकोनं, महेश्वरीनं, तिला इरकल नेसवून तयार केलं.

मला बोटीत काडीचा रस नाही, रस आहे तो टॉवेलात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात निम्मे माग उन्हाळ्यापासून बंदच आहेत. बोटीवर माणसागणिक टॉवेल लागतात: अंगाचा, हाताचा, पोहायच्या तलावावरचा, शिवाय पायपुसणी. रोज धुतले जाणार म्हणजे लवकर विरणार, आणि पुन्हा मागवले जाणार. असं गिऱ्हाईक सोलापूरकराला सोन्यासारखं.

कंपनीचा कुमार नावाचा तरुण पडद्यावर आलेख दाखवत होता. आपल्या देशात बोटीनं फिरणारे दरवर्षी किती वाढतायत, जगभर बोटी मात्र किती अपुऱ्या, नवी बोट बांधायला कारखान्यांत किती वर्षांची रांग, म्हणून आम्ही चांगली जुनी बोट विकत घेतोय, वगैरे. शेवटी त्यानं विचारलं, तुमच्यापैकी कुणाकुणाला समुद्रावर राहायला आवडेल, हात वर करा. हॉल भरलेला होता. एक हात वर झाला नाही. मग सगळे जेवायला उठले.

माझा हिशेब तिथंच झाला. बोट आहे, प्रवासी नाही. निदान सोलापुरात तरी नाही. मुंबई-बेंगळुरूत मिळाले तर मिळोत, टॉवेल कुठल्याही गावच्या माणसाला लागतात. कुमारला कार्ड दिलं.

परतताना अव्वानं एकच विचारलं, त्या खोलीत आपल्याबरोबर आणखी कोण असतं. मी म्हटलं, कोण असणार, एकटीची खोली. तिनं तोंड खिडकीकडं वळवलं. एकटं राहायला भ्याली असावी.

२१ जून

टॉवेलाचा नमुना काढायला घेतला. पांढऱ्यावर निळा पट्टा, कोपऱ्यात नांगर. शेतातला नव्हे, बोटीचा. बिभीषण आमचा मुकादम, कुंभारीहून येतो, पंधरा वर्षं माझ्याकडे आहे. नांगर बघून हसला. म्हणाला, "मालक, तितं आंगुळीला पानी खारं का गोडं? खारं असंल तर रंग टिकायचा न्हाय." मुद्दा बरोबर होता. कुमारला फोन करून विचारलं. गोडं असतं.

३० जून

लेकीचं, सोनमचं, कॉलेज सुरू झालं. यंदा बारावी, म्हणून तिला अभ्यासाला अव्वाची खोली दिली आहे. अव्वा तीन वर्षांपासून, म्हणजे अप्पा, माझे वडील, गेल्यापासून, एकटीच होती त्या खोलीत. एवढी मोठी खोली एका माणसाला ठेवणं जुळे सोलापुरातल्या घरात परवडत नाही. आता तिचं अंथरूण हॉलमधल्या दिवाणावर. टीव्ही समोरच आहे, करमतं तिला. इष्टलिंगाच्या पूजेला जिन्याखाली छान जागा करून दिली, दिवा बसवून दिला. फक्त सकाळी दूधवाला, पेपरवाला, बाई, अशी ये-जा तिथूनच होते. केससुद्धा आता ती दुपारी, घरात कुणी नसतानाच धुते म्हणे. ती काही तक्रार करत नाही. या बाबतीत मी भाग्यवान.

१७ जुलै



दुपारी जेवायला घरी आलो तर दारात पोलीस. वाटलं, कारखान्यात कुणाचा हात गेला. हवालदार म्हणाला, सुंदरम्मा सिद्धलिंगप्पा इथंच राहतात का, पासपोर्टच्या चौकशीला आलोय. मी म्हटलं, राहतात, पण पासपोर्टचं काहीतरी चुकलंय. तेवढ्यात अव्वा आतून आली, डोक्यावर पदर, हातात कागदांची पिशवी, आणि म्हणाली, "बसा साहेब, मीच ती."

त्यानं तिला प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. महेश्वरीनं चहा दिला. मी उभाच होतो.

तो गेल्यावर विचारलं, पासपोर्ट कशाला.

"बोटीवर लागतो म्हणं," अव्वा म्हणाली.

सत्तर वर्षांची बाई. सोलापूर, अक्कलकोट आणि गुलबर्गा सोडून फार कुठं गेली नाही. समुद्र पाहिला नाही. तिनं वर्षभराची खोली ठरवली आहे. माहेरच्या जमिनीची वाटणी तिच्या नावावर होती, अक्कलकोटच्या पुढं. ती तिनं भावालाच विकली आणि आलेले पैसे बोटीला भरले. भुवनेश्वरीनं, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीनं, गुलबर्ग्याहून येऊन सगळं करून दिलं, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. तिला फोन केला. म्हणाली, "दादा, तू तिला विचारलंस का, का जातेस म्हणून?" मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, त्या पोरानं भुरळ घातली.

रात्री जेवण गेलं नाही. महेश्वरीला म्हटलं, तुला तरी ठाऊक होतं का. ती म्हणाली, अव्वांनी सांगितलं असतं तर तुम्हाला सांगितलं असतं. हे उत्तर हो की नाही, ते अजून कळलेलं नाही.

१९ जुलै

कुमारला भेटलो. म्हटलं, हॉलमध्ये एक हात वर झाला नाही आणि तू माझ्या आईला गाठलंस. तो म्हणाला, "काका, मी कुणालाच गाठलं नाही. सगळीकडं असंच होतं. हॉलमध्ये कुणी हात वर करत नाही. दुसऱ्या दिवसापासून फोन येतात, दुपारी दोन ते चार, घरात कुणी नसताना. बहुतेक बायकांचे." एकट्या सोलापूर जिल्ह्यातून चौदा खोल्या गेल्या म्हणे. इचलकरंजी, हुबळी, लातूर, सगळीकडून. एवढी मागणी येईल असं कंपनीलाही वाटलं नव्हतं.

चौदा घरांत चौदा बायका गप्प बसून हा विचार करत होत्या, आणि गावात कुणाला पत्ता नाही.

अव्वाचं नाव काढून टाक म्हटलं. तो म्हणाला, त्यांनी स्वतः सांगितलं तरच. मग मी टॉवेलाचा विषय काढला. नमुना त्याला आवडला. खरं लिहायचं तर, त्यानंतर मी अव्वाचा विषय लावून धरला नाही. मागणी एवढी असेल तर टॉवेलही तेवढेच लागणार.

१२ ऑगस्ट

श्रावण सोमवार. गुरुबसप्पाकाका, अप्पांचे धाकटे भाऊ, मुद्दाम अव्वाला समजवायला आले. तासभर बोलले. लोक म्हणतील पोरानं आईला घालवून दिलं, सून वाईट म्हणतील, सोनमच्या लग्नाला अडचण येईल. अव्वा ऐकत होती. मग उठून तिनं त्यांना गव्हाची हुग्गी वाढली, वर तूप घातलं आणि म्हणाली, "भाऊजी, पायाची सूज कशी हाय आता?" काकांनी जेवून निरोप घेतला. जाताना मला म्हणाले, तुझी आई अशी नव्हती रे.

हेच मलाही वाटतं. ही अशी कधी झाली, ते काही लक्षात येत नाही.

२९ सप्टेंबर

महेश्वरी आजकाल अव्वाबरोबर दुपारी बाजारात जाते. परकराला आतून खिसे शिवून दिले. कडक भाकऱ्यांचे डबे भरले, शेंगाचटणी कुटली. बोटीवर पाच प्रकारचे नाश्ते असतात म्हटलं, तरी ऐकत नाहीत. दोघी जिन्याखाली बसून नकाशा बघत होत्या. मी गेलो की गप्प. महेश्वरीला मनातून हे पसंत नसणार, पण सासूचा मान राखते.

२३ ऑक्टोबर, वास्को

पहाटे निघालो, विजापूर-बेळगावमार्गे गाडीनं आलो. डिकीत टॉवेलाचे नमुने टाकले, गोव्यात हॉटेलं पुष्कळ. सोबत मायाक्का म्हणून सांगोल्याकडच्या एक बाई आहेत, त्याही बोटीच्याच. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त झाल्या, मालक नाहीत, मूल नाही. अव्वापेक्षा थोड्या लहान. मी विचारलं, भीती नाही का वाटत, एवढं पाणी, घर सोडून. त्या म्हणाल्या, "आमचा बा मेंढरं घिऊन वरीसभर हिंडायचा. आमी पोरं त्याच्या मागं. पावसाला आलं की घर, न्हाय तर रान. आता मेंढरं न्हाईत, एवढाच काय तो फरक."

घाट उतरल्यावर अव्वा खिडकीला लागली ती हललीच नाही. वास्कोला कंपनीनं हॉटेल घेतलंय, वरच्या मजल्यावरून बंदर दिसतं. अव्वानं समुद्र पाहिला. मला वाटलं, काही बोलेल, हात जोडेल. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "केवढी मोकळी जागा हाय."

बोट अजून आलेली नाही. युरोपातून निघायची आहे म्हणतात. आमच्या हॉटेलात चाळीसेक माणसं जमली आहेत, बायकाच जास्त. सगळ्यांच्या बॅगा नव्या.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

बोट आली नाही. आठ दिवस पुढं, मग आणखी आठ. अव्वाला म्हटलं, दिवाळीला तरी ये, गाडी पाठवतो. ती म्हणाली, मधेच बोट आली तर. आज पहिल्यांदा कारखान्याची पूजा तिच्याशिवाय झाली. बिभीषणनं विचारलं, "अव्वा न्हाईत व्हय?" मी म्हटलं, गोव्याला गेलीय. तो म्हणाला, बरं केलं, आयुष्यभर कुटं गेल्यात त्या.

पट्ट्याचे टॉवेल विणून गठ्ठे बांधून ठेवलेत. कुमार म्हणतो, बोट आली की लगेच चढवू.

१६ नोव्हेंबर

बोट येणार नाही.

सकाळी कुमारचा फोन आला. आवाज ओळखू येईना, रडला असावा. जुनी बोट ज्यांच्याकडून घ्यायची होती त्यांनी ती दुसऱ्या, मोठ्या कंपनीला विकली. जास्त भाव आला. जगात बोटींची एवढी ओढाताण आहे की जुनी, गंजकी बोटसुद्धा कुणी सोडत नाही. दुसरी शोधली, मिळाली नाही. कंपनी बंद. पैसे परत देऊ म्हणाले आहेत, हप्त्यांनी. पहिला लगेच देणार म्हणे, पुढचे येतील तेव्हा खरे.

मी विचारलं, खोल्या किती गेल्या होत्या. म्हणाला, सगळ्या. वर तीनशे नावं वाट बघत होती.

मी कारखान्यात खुर्चीवर बसून राहिलो. माग चालू होते, कानात काही शिरत नव्हतं. गेले पाच महिने मी हे बुडणार म्हणून सांगत होतो, आणि बुडालं. पण मी म्हणत होतो प्रवासी मिळणार नाहीत. प्रवासी दाराबाहेर उभे होते. बोटच मिळाली नाही. पंचवीस वर्षं धंदा करतोय. गिऱ्हाईक कुठं आहे हे मला वासावरून कळतं असं मी समजत होतो. आणि इथं घरातलं गिऱ्हाईक दिसलं नाही.

अव्वाला फोन केला. मायाक्कांनी उचलला. म्हणाल्या, आज नको बोलायला.

१८ नोव्हेंबर

वास्कोहून लोक परतले. सोलापूरची बहुतेक माणसं आपापल्या घरी आली, काहींची मुलं जाऊन घेऊन आली. अव्वा आली नाही. फोनवर म्हणाली, येऊ नको, मी कळवते. धक्का बसलाय तिला. तोंड कसं दाखवायचं असं वाटत असणार. मी महेश्वरीला म्हटलं, तिला कुणी काही बोलायचं नाही, काही झालंच नाही असं वागायचं, सगळं पूर्वीसारखं.

महेश्वरी म्हणाली, खोली तरी त्यांची त्यांना द्यावी. मी म्हटलं, देऊ की, सोनमची परीक्षा झाली की.

२४ नोव्हेंबर, वास्को

अव्वाचा काही निरोप नाही, म्हणून रात्रीच निघालो, सकाळी पोचलो. हॉटेलात विचारलं तर अव्वा तिथं नाही, तीन दिवसांपूर्वी सोडून गेली. काउंटरवरच्या पोरीनं पत्ता दिला. बंदराच्या वर चढावर एक जुनं कौलारू घर. अंगणात मायाक्का मासळीवालीशी हुज्जत घालत होत्या, आम्ही खात नाही, रोज येऊ नको म्हणून. मला बघून त्या काही दचकल्या नाहीत. बसा म्हणाल्या.

सहाजणींनी मिळून ते घर भाड्यानं घेतलंय. मायाक्कांचं निवृत्तिवेतन, कुणाचं व्याज, अव्वाचा परत आलेला हप्ता. एक हुबळीच्या, दोघी लातूरच्या, एक इचलकरंजीच्या. पाळीनं स्वयंपाक. आतून शेंगाचटणीचा वास येत होता.

मायाक्कांनी सांगितलं की बोटीची बातमी आली त्या दिवशी अव्वा जेटीजवळ जाऊन बसली आणि दुपारभर रडली. मोठ्यानं, लहान पोरासारखी. लोक गोळा झाले. जेवली नाही, पाणी घेतलं नाही. "मी लई मरणं बघितली दवाखान्यात," मायाक्का म्हणाल्या, "पर असं रडणं न्हाय ऐकलं." आणि दिवस मावळायला अव्वानं तोंड धुतलं आणि त्यांना विचारलं, इथं घराला भाडं किती पडतं.

मला खरं वाटेना. अप्पा गेले तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. डोळ्याला पदर लावून पाहुण्यांच्या चहाचं बघत होती. आणि न पाहिलेल्या बोटीसाठी एवढं?

अव्वाची खोली मागच्या बाजूला. दार लोटलेलं होतं. मी ढकलणार तेवढ्यात मायाक्का म्हणाल्या, पूजेत असतील, टकटक करा. आईच्या दारावर मी टकटक केली. आतून "आले" म्हणाली, पण लगेच आली नाही. मी व्हरांड्यात उभा राहिलो. पूजा पुरती करून तिनं दार उघडलं. कपाळाला विभूती, केस मोकळे, नुकतेच धुतलेले. मी तिला मोकळ्या केसांनी कधी पाहिल्याचं आठवत नाही. ती बरी दिसत होती. मला रागच आला, ती बरी दिसते याचा.

खोलीत एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत बंदर. मालाच्या बोटी उभ्या होत्या, काळ्या, कोळशाच्या. बघण्यासारखं काही नव्हतं.

मी म्हटलं, "अव्वा, बोट आता यायची नाही."

"ठाव हाय की."

"मग थांबलीस कशाला?"

ती खुर्चीवर बसली, मला पलंगावर बस म्हणाली. "थांबले न्हाय, गुरू. राहते."

मी पुष्कळ बोललो. घर आहे, मुलगा आहे, सून आहे, लोक मला काय म्हणतील, इथं आजारी पडलीस तर कोण. ती म्हणाली, मायाक्का आहे. तुला काय कमी होतं, असं मी विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता सांगेल. मग तिनं हात पुढं करून माझ्या शर्टाला लागलेला सुताचा धागा काढला, बोटाला गुंडाळला आणि म्हणाली, "कमी काय न्हवतं रे. जेवून जा."

जेवलो. पंक्तीत सहाजणी, त्यांचं बोलणं चाललं होतं, संध्याकाळी कुठल्या किनाऱ्यावर जायचं त्याचं. अव्वाला म्हटलं, सोनम तुझी आठवण काढते. तिचे डोळे भरले. म्हणाली, "तिला म्हण, सुट्टीत ये. लागल तेवढं राहा. हॉलमध्ये झोपायची सोय हाय." नातीवर माया आहे तिची.

निघताना पाया पडलो. फाटकापर्यंत आली. गाडी वळवेपर्यंत उभी होती, मग आत गेली. मला वाटलं होतं, वळणापर्यंत तरी बघत राहील.

२५ नोव्हेंबर

पहाटे घरी पोचलो. कारखान्यात गेलो नाही. बिभीषणला फोन करून सांगितलं, निळ्या पट्ट्याचे गठ्ठे गावातल्या व्यापाऱ्याला देऊन टाक, येईल त्या भावात. काकांचा फोन आला, उचलला नाही. भुवनेश्वरीला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन फक्त एवढंच म्हणाली, केस धुतले होते का तिनं? मी हो म्हटल्यावर ती रडायला लागली. या घरातल्या बायकांना झालंय काय?

संध्याकाळी महेश्वरीला बसवून नीट सांगितलं. घर कसं आहे, सहाजणी कोण, पाळीनं स्वयंपाक, अव्वाची खोली, खिडकी. तिनं खिडकी कुठल्या बाजूला आहे ते विचारलं, ऊन कधी येतं ते विचारलं. तिला असं बारकाईनं विचारताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं. मला बरं वाटलं, निदान घरात एक माणूस तरी माझ्या बाजूनं विचार करतंय.

मग मी म्हटलं, जुनं घर आहे, कौलं गळतील पावसाळ्यात, सहाजणी भांडतील, वर्षभरात परत येते की नाही बघ. महेश्वरी माझं ताट उचलत होती. थांबली.

"त्या घरात आणखी खोली आहे का हो रिकामी?"

मी म्हटलं, माडीवर एक आहे, बंद असते. कुणाला पाहिजे?

"कुणाला नाही," ती म्हणाली. "सहज विचारलं." आणि ताट घेऊन आत गेली.